वाचक विचारतात : ट्रकवर गेलेलं आयुष्य लिहून काढताना

लांब पल्ल्याचा ट्रक चालवणाऱ्या वडिलांच्या, आजोबांच्या, काकांच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत, अशी बरीच पत्रं या वेळी आली. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच अडचण आहे : माणूस घरात फार कमी दिसला, मग लिहायचं काय? पण या धंद्यातला माणूस जेवढा कागद मागं ठेवतो, तेवढा फार थोडे लोक ठेवतात. तो कागद वाचता आला पाहिजे, आणि त्याआधी तो टिकला पाहिजे.

प्रश्न : बाबांनी ३१ वर्षं ट्रक चालवला. ते गेल्यावर पत्र्याच्या पेटीत वह्या, बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या), डिझेलच्या पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या असा ढीग सापडला. काही पावत्या तर कोऱ्याच झाल्यात. सगळं लॅमिनेट करून घेऊ का? आणि लावायचं कसं?

लॅमिनेशन अजिबात करू नका. डिझेलच्या, टोलच्या, काट्याच्या अलीकडच्या पावत्या थर्मल कागदावरच्या असतात. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या लेपात रंगहीन रंगद्रव्य असतं, ते उष्णता लागली की काळं पडतं आणि अक्षर उमटतं. लॅमिनेटरचा रोलर १०० अंशांहून जास्त तापतो, त्यामुळं पूर्ण पावती एका क्षणात काळी होते आणि मग ती कुणालाच वाचता येत नाही. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका. त्या प्लास्टिकमधलं मऊपणा आणणारं द्रव्य कागदात उतरतं आणि अक्षर पुसट होत जातं. पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट किंवा साधा पांढरा लिफाफा चालतो. जागा अंधारी, कोरडी आणि थंड हवी.

सर्वांत आधी थर्मल पावत्या स्कॅन करा, बाकी कागद नंतर. ३०० डीपीआय पुरे, पण स्कॅन रंगीत करा. कृष्णधवल केलं तर फिकट अक्षर यंत्र टाकून देतं. रंगीत प्रतीत ते राहतं आणि नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून बऱ्याचदा वाचता येतं. कोरी दिसणारी पावती तिरक्या उजेडात धरून पाहा, आणि पलटून तर नक्की पाहा. छापील बाजू उडाली तरी मागं बॉलपेननं लिहिलेला हिशेब तसाच असतो, आणि तुमच्या कामाचं तेच जास्त आहे.

लावायला घेण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याचा आहे तसा फोटो काढा. कुठली चिठ्ठी कशाच्या शेजारी होती, यातही माहिती असते. रबरबँड काढून टाका, ते जुने झाले की चिकट होऊन कागदाला डाग पाडतात. गंजलेल्या टाचण्या ओढू नका. चपट्या पात्यानं पाय सरळ करून सोडवा. मग कागद तारखेनं न लावता आधी गाडीनं लावा. ड्रायव्हरची स्मरणशक्ती गाडीवर चालते : "त्या गाडीवर होतो तेव्हा" असं तो बोलतो, अमुक साली असं क्वचितच. गाडीच्या नंबराप्रमाणं गठ्ठे झाले की आत तारखा लावा.

मग एक मोठा तक्ता करा. तारीख, गाडी, कुठून, कुठं, माल, किलोमीटर. बिल्टीवर माल पाठवणारा, घेणारा, नग आणि वजन सापडेल. काट्याच्या चिठ्ठीवर भरल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं, दोन्हींतला फरक म्हणजे माल. तिच्यावर वेळही असते, म्हणून आमच्या मते पेटीतला सर्वांत बोलका कागद हाच : पहाटे ३.४० ला माणूस काट्यावर उभा होता, हे त्यावरून पक्कं कळतं.

तक्त्यात सातवा रकाना मोकळा सोडा आणि त्याला "घरी" असं नाव द्या. जन्म, शाळाप्रवेश, आजारपणं, परीक्षा, घर बदललं ती तारीख, सगळं त्यात भरा. ट्रक कुठं होता आणि घरी काय चाललं होतं हे एका ओळीत आलं की लिहायला काही नाही ही तक्रार उरत नाही.

प्रश्न : वडील म्हणायचे, मी २० लाख किलोमीटर गाडी चालवली. पुस्तिकेत हा आकडा टाकावा का? त्यांची नोकरी २८ वर्षं झाली.

पडताळून बघा, मग टाका. महिन्यातून २२ दिवस गाडी रस्त्यावर आणि दिवसाला सरासरी ३०० किमी धरलं, तर २८ वर्षांचे २२,१७,६०० किमी होतात. म्हणजे दावा शक्य कोटीतला आहे. आजारपण, गाडी गॅरेजमध्ये उभी असलेले महिने, भाडं न मिळाल्यानं थांबलेले दिवस वजा करा. दुसरी पडताळणी डिझेलवरून होते : भरलेली जड गाडी लिटरला ३ ते ४ किमी देते. वहीत एखाद्या महिन्यात १,८०० लिटर डिझेल दिसलं आणि सरासरी ३.५ धरली, तर ६,३०० किमी. वरच्या हिशेबानं महिन्याचे ६,६०० येतात, म्हणजे दोन्ही जुळले.

मीटरच्या आकड्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या पाच आकडी मीटरमध्ये ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येतं. केबल तुटली की गाडी पळते आणि मीटर थांबतं. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो आणि मीटर जरा जास्त दाखवतं. साधारण एक मीटर व्यासाच्या टायरची १२ मिमी नक्षी झिजली तर फरक २ टक्क्यांच्या पुढं जातो. सर्वांत मोठी चूक वेगळीच होते : एका गाडीवर दोन ड्रायव्हर आळीपाळीनं असतील, तर मीटरचे सगळे किलोमीटर एकाच्या नावावर लिहिले जातात.

आकडा "सुमारे" लावून लिहा. २० लाख किमी म्हणजे विषुववृत्ताभोवती जवळजवळ ५० फेऱ्या, कारण तो घेर ४०,०७५ किमी आहे. ही एक तुलना पुरे. चंद्र, सूर्य सगळं ओढून आणलं की वाचणाऱ्याला आकडा खोटा वाटायला लागतो.

प्रश्न : बाबा लांबच्या फेरीवर असताना कॅसेटवर बोलून ती परतणाऱ्या ड्रायव्हरकडं घरी पाठवायचे. अशा चार कॅसेट आहेत. एक लावली तर आवाज घोगरा आणि दबका येतो, दुसरीत बाबा लहान मुलासारखे बोलतात. त्या वाचतील का?

वाचण्याची शक्यता चांगली आहे. पण आता आणखी वाजवून पाहू नका. जुना प्लेअर फीत गिळतो तो अशाच वेळी.

आधी खिडकीतून गुंडाळी पाहा. कडेवर पांढरी भुकटी किंवा धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडं द्या, बाकीच्यांबरोबर एकाच प्लेअरमध्ये घालू नका. स्वच्छ असेल तर दिवसभर खोलीत राहू द्या. वरच्या मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले तुकडे तोडा. ते तोडले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जात नाही. मग षटकोनी पेन्सिल दातेरी भोकात घालून दोन-तीन वेढे हातानं फिरवा. फीत चिकटत नाही अशी खात्री झाली की प्लेअरमध्ये शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं न्या, म्हणजे वर्षानुवर्षं सैल-घट्ट बसलेले वेढे एकसारखे होतात.

दबक्या आवाजाचं कारण बहुधा एक छोटा नमद्याचा तुकडा असतो. कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध, पितळी पट्टीवर तो चिकटवलेला असतो आणि फीत हेडवर, म्हणजे प्लेअरच्या फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. जुना गोंद सुटला की तो गळून पडतो. फीत हेडपासून जराशी दूर राहते आणि आधी तीव्र स्वर जातात : "स", "श", "च" ऐकूच येत नाहीत. उपाय म्हणजे पाच स्क्रूंची एखादी निकामी कॅसेट उघडून तिच्या चांगल्या खोक्यात तुमच्या दोन्ही रिळी हलवणं. हे सपाट टेबलावर, पांढऱ्या कापडावर करा. फितीचा मार्ग आधी फोटोत घ्या. फितीला बोट लावू नका, फक्त रिळाला धरा. खोकं स्क्रूऐवजी चिकटवून बंद केलेलं असेल तर मात्र हे काम घरी करू नये.

तुकडा जागेवर आहे तरी आवाज दबका आहे? मग प्लेअरचं हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा आणि वाळू द्या. तरीही फरक पडला नाही तर हेडचा कोन जुळत नाही. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा फिरवायचा, "स" सर्वांत धारदार ऐकू येईल तिथं थांबायचं.

लहान मुलासारख्या आवाजाचं कारण बॅटरी. सेल उतरलेल्या रेकॉर्डरवर बोललं की फीत हळू सरकते. मग नेहमीच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरनं वाजवली की आवाज चढा आणि घाईचा येतो. संगणकावर वेग थोडा थोडा कमी करत आईला ऐकवा. ती "हां, हेच" म्हणेल तो वेग बरोबर. सेल बोलता बोलता उतरत गेले असतील तर सुरुवातीला आणि शेवटी वेगळा वेग द्यावा लागेल.

डिजिटल प्रत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या. तासाला सुमारे १ जीबी जागा लागेल. आवाजाची पातळी वर जाईल तेव्हाही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मूळ प्रतीवर आवाज स्वच्छ करण्याचा कुठलाही प्रयोग करू नका, तो दुसऱ्या प्रतीवर करा. बाबांच्या मागं इंजिनाची घरघर असेल, हवा सुटल्याचा "फुस्स" असेल, क्लीनर मध्येच काही बोलत असेल. हे सगळं ठेवण्यासारखं आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक दुसऱ्या घरी. मूळ कॅसेट फेकू नका.

प्रश्न : जुन्या फोटोंत वडिलांच्या चेहऱ्याची एक बाजू जास्त काळवंडलेली आणि सुरकुतलेली दिसते. फोटो खराब झालाय का? स्टुडिओवाला "सारखं करून देतो" म्हणतोय.

फोटोत दोष नाही, ती खिडकी आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील-अ किरण काचेतून आत येतात. समोरची काच दोन थरांची असल्यानं बरेचसे अडवते, दरवाजाची काच तितकं अडवत नाही. म्हणून खिडकीकडचा गाल, कान आणि हात वर्षानुवर्षं जास्त भाजतात. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २८ वर्षं मालवाहू ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो प्रसिद्ध झाला होता. त्याच्या चेहऱ्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या वयांच्या वाटतात.

स्टुडिओला साफ नाही म्हणा. तो गाल त्यांच्या नोकरीचा दाखला आहे. त्याचा आणखी एक उपयोग सांगतो : निगेटिव्हवरून प्रती काढताना ती उलटी ठेवली गेली की उजवं-डावं बदलतं. स्टिअरिंग उजवीकडं असलेली गाडी असेल तर काळवंडलेली बाजू उजवीच हवी. शर्टाची बटणं आणि नंबरप्लेटही ताडून पाहा. छापील फोटो ६०० डीपीआयवर, ३५ मिमी निगेटिव्ह ३,२०० वर स्कॅन करा.

प्रश्न : आजोबा म्हणायचे, "घाट ब्रेकवर उतरतो तो ड्रायव्हर नव्हे." हे वाक्य पुस्तकात घ्यायचंय, पण नातवंडांना अर्थ कळत नाही.

वाक्य घ्या आणि खाली समजावून लिहा. त्यांचं कसब यातच होतं. २५ टनांची गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात ४०० लिटरच्या आसपास पाणी उकळीला येईल. ही उष्णता कुठंतरी जायलाच हवी. सगळी ब्रेकवर टाकली तर ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं, तापून फुगतो, त्याला आतून घासून थांबवणाऱ्या पट्टीपासून, म्हणजे लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते. पॅडल दाबलेलं असतं, गाडी थांबत नाही.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनानं धरून ठेवायची. उतारावर वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही. प्रयत्न केला तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि इंजिनाचा आधार पूर्ण जातो. डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रल करणाऱ्यांचे अपघात याच कारणानं होतात. ब्रेक लागेल तिथं ठामपणे, तीनेक सेकंद दाबून वेग ताशी ८-१० किमी खाली आणायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला उसंत मिळते. उगाच पंप करत राहिलं तर टाकीतली हवा संपते. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा दाब साधारण १०० ते १२० पीएसआय असतो. तो ६० च्या आसपास आला की इशारा वाजतो, आणखी खाली गेला की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून चाकं धरली जातात.

घाट उतरल्यावर आजोबा गाडीभोवती चक्कर मारून प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू नेत असतील, तर तेही लिहा. हात टेकवायचा नाही, फक्त धग घ्यायची. एकच चाक जास्त तापलेलं म्हणजे ब्रेक धरून राहिलाय किंवा बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय. एकच थंड असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही, आणि त्याचा भार बाकीच्यांवर आहे.

प्रश्न : काका युरोपात ट्रक चालवत. त्यांच्या सामानात नागमोडी रेषांच्या गोल कागदी चकत्या मिळाल्या. हे काय आहे?

टॅकोग्राफच्या, म्हणजे गाडीचा वेग, वेळ आणि अंतर नोंदवणाऱ्या यंत्राच्या चकत्या. एकेक चकती म्हणजे त्यांचा एकेक दिवस. एक चकती २४ तासांची. बाहेरच्या बाजूची रेघ वेग दाखवते, मधली पट्टी गाडी चालवणं, दुसरं काम आणि विश्रांती वेगळी दाखवते, आतली करवतीसारखी रेघ अंतराची : एक चढण ५ किमी, एक उतरण ५ किमी. दात मोजले की दिवसाचं अंतर निघतं. मध्यभागी नाव, निघाल्याचं आणि पोचल्याचं ठिकाण, तारीख, गाडीचा नंबर, मीटर हे काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असेल. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती हा तिथला नियम, तो रेघेत दिसतो. १ मे २००६ पासून नव्या गाड्यांना डिजिटल यंत्र सक्तीचं झालं, त्यामुळं चकत्या बहुधा त्याआधीच्या गाड्यांतल्या असतील.

लेपावर सुईनं ओरखडून या रेघा उमटतात, शाईनं नाही. नख लागलं तरी नवी रेघ पडते. घासू नका, एकमेकींवर दाबून ठेवू नका, मध्ये गुळगुळीत कागद घाला.

प्रश्न : बाबांबरोबर बारा वर्षं असलेले क्लीनरकाका आता सत्तरीत आहेत. त्यांना काय विचारू? "चांगला माणूस होता" यापुढं ते जात नाहीत.

"कसे होते" असं विचारलं की तेवढंच उत्तर मिळतं. हातात वस्तू द्या. टामी (लोखंडी दांडा), पाना, ताडपत्रीचा दोर, जुनी बिल्टी, काहीही. आणि अगदी बारीक विचारा : स्टेपनी बदलायला दोघांना किती वेळ लागायचा, जॅक कोण लावायचा? रात्री गाडी उभी करताना तोंड कुठल्या दिशेला ठेवायचे, आणि का? पहिल्यांदा स्टिअरिंग हातात दिलं ते कुठं? कशावर चिडायचे? पगाराचे पैसे घरी कसे पोचायचे?

टायर ठोकण्याचं तर नक्की विचारा. मागच्या जोडचाकात आतला टायर बसला तरी बाहेरच्याच्या आधारानं गाडी सरळ दिसते. टामीनं ठोकलं की भरलेला टायर टणक वाजतो, बसलेला "धप्प" करतो. तो न कळता पळवला तर तापून पेटू शकतो. कान तयार व्हायला क्लीनरला किती महिने लागले, बाबांनी कसं शिकवलं, ही गोष्ट त्यांच्याकडंच आहे.

दोर आवळायची गाठ त्यांना बांधून दाखवायला सांगा आणि कॅमेरा त्यांच्या खांद्यावरून हातांवर ठेवा. समोरून घेतलं तर गाठ उलटी दिसते. बोलणं रेकॉर्ड करताना फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून २०-३० सेंटिमीटरवर, पंखा बंद. पाऊण तास झाला की थांबा, पुढचं दुसऱ्या दिवशी. उतरवताना त्यांचे शब्द सुधारू नका. ते "हवा मारली" म्हणाले तर तेच लिहा.

प्रश्न : सगळे म्हणतात, "त्यांचं बायकामुलांवर फार प्रेम." पण खरं सांगायचं तर ते महिन्यातून सहा दिवस घरी असत, आले की झोपत, उठले की चिडचिड. त्यांच्या वहीत मात्र माझ्या पावलाभोवती पेन्सिलनं ओढलेली रेघ आहे, बाजूला तारीख. मी काय लिहू?

दोन्ही लिहा. आधी हिशेब : महिन्याला ६ म्हणजे वर्षाला ७२ दिवस. तुम्ही अठरा वर्षांचे होईपर्यंत १,२९६ दिवस, साडेतीन वर्षांहून थोडे जास्त. हा आकडा पुस्तकात यायला हवा. तो लपवला तर तुमच्या आईनं बाकीचे दिवस घर एकटीनं ओढलं हेही लपतं. दवाखाना, शाळेत सही, बँक, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं, हे निर्णय कोण घ्यायचं आणि बाबांना ते कधी कळायचं, यावर आईच्या शब्दांत स्वतंत्र प्रकरण करा. त्याशिवाय ट्रक ड्रायव्हरच्या घराचं वर्णन पुरं होत नाही.

झोपेविषयीही लिहा. सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाची हालचाल आणि अवधान रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकं मंदावतं, असं १९९७ मधल्या एका प्रयोगात दिसलं. मध्यरात्रीनंतर दोन ते सहा शरीर सर्वांत जास्त झोप मागतं, आणि लांब पल्ल्याची गाडी बऱ्याचदा त्याच वेळी रस्त्यावर असते. शिवाय सीटमधून तासन्‌तास कंबरेत जाणारे हादरे. घरी आल्यावर झोपणं हे त्या आठवड्यांचं देणं फेडणं होतं. चिडचिडीचं कारण त्यातून कळतं. तुम्हाला लागलं होतं तेही खरंच, ते पुसू नका.

आता ती रेघ. तिचा उपयोग सरळ आहे : फेरीवर असताना चपला-बूट घ्यायचे तर मूल बरोबर नसतं, म्हणून माप वहीत. रेघेच्या आतून टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजा. पेन्सिल उभी धरली तरी रेघ पावलापेक्षा काही मिलिमीटर मोठी येते. वहीत आणखी पानं चाळा, दुसऱ्या तारखेचं दुसरं पाऊल सापडू शकतं. स्कॅन करताना शेजारी पट्टी ठेवा, आणि पुस्तकात ते पान खऱ्या मापात छापा, जागा जास्त गेली तरी चालेल. खाली तारीख, आणि त्या दिवशी कुठल्या गाडीवर होते ते. प्रेमाविषयी वेगळं वाक्य घालायची गरज नाही.

प्रश्न : भाऊ ट्रकच्या अपघातात गेला. चूक कुणाची यावर अजून वाद आहे. ते लिहावं का?

तारीख, वेळ, रस्ता, गाडी आणि तो कुठून कुठं चालला होता, एवढं लिहा. चुकीविषयी अंदाज लिहू नका, समोरच्याचं नाव तर नाहीच. प्रकरण चालू असेल तर छापलेलं वाक्य अडचणीचं ठरतं. मृत्यूला एक परिच्छेद, आयुष्याला बाकी पानं. स्मरणाचा दिवस निवडायचा असेल तर नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते अपघातातल्या बळींच्या स्मृतीसाठी जगभर पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००५ मध्ये त्याला मान्यता दिली.

प्रश्न : शोकसभेत पाच मिनिटं बोलायचंय. किती लिहू?

५५० शब्दांच्या आसपास. भावनेच्या भरात माणूस एकतर धावतो नाहीतर थांबतो, म्हणून याहून जास्त लिहू नका. नोकरीची पूर्ण यादी देऊ नका. निघण्याच्या पहाटेचं एक चित्र, त्यांच्या कामातली एक सवय आणि घरातली एक गोष्ट, एवढ्यात वेळ संपतो. "कष्टाळू", "प्रेमळ" हे शब्द आधी लिहून मग खोडा आणि त्यांच्या जागी ते काय करायचे ते टाका. अक्षर १६ पॉइंट, दोन ओळींत मोकळी जागा, कागदाच्या एकाच बाजूला. आवाज अडकलाच तर पुढं वाचायला दुसऱ्या कुणाकडं प्रत देऊन ठेवा, आणि त्या माणसाकडून आदल्या दिवशी एकदा मोठ्यानं वाचून घ्या. गावांची नावं आणि गाडीचा नंबर इथंच जीभ अडखळते.